रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय

तेवीस नग, फोल्के म्हणाला, वसंतातल्या मेळाव्याआधी,
आणि स्वस्तात, कारण क्लबच्या गल्ल्यात
मागच्या वर्षीच्या कॉफीचे उरलेले पैसे तेवढे आहेत.
मी हो म्हटलं. नोव्हेंबरात मी कशालाही हो म्हणते.
साडेतीनला अंधार पडतो ट्रोलहेत्तानमध्ये,
दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही,
कालव्याच्या दारांतून पाणी तेवढं चढतं, उतरतं.

पहिल्या आराखड्यात गाडी काढली, बाजूने दिसणारी.
लगेच भांडण. कुठली गाडी?
शहाण्णववाले म्हणाले, आमची, गोल पाठीची.
नऊशेवाले म्हणाले, ती गाडी आहे की पाव?
रॉगनवाल्ड तडक उठून गेला,
दाराशी काढलेले बूट तसेच राहिले,
बर्फात मोज्यांवर.
दोन मिनिटांनी बुटांसाठी परत आला
आणि आलोच आहे म्हणून बसला.

दुसऱ्यात क्लबचं नाव, कडेने गोल.
नाव इतकं लांबलचक की बत्तीस मिलिमीटरच्या चकतीवर
अक्षरांच्या मुंग्या झाल्या.
बेंग्ट-उवेने चष्मा काढला, पुसला, घातला,
म्हणाला, "सुरेख. काय लिहिलंय?"

तिसरा माझा लाडका. नुसतं पितळ,
जाड, कडा घासून गुळगुळीत,
तळहातावर घेतलं की वजन कळणारं.
फोल्केने ते बराच वेळ हातात फिरवलं.
"हिल्लेवी, आमच्या गाडीत कधी बसलीयेस?"
नव्हते बसले. माझी सायकल आहे.

मग त्याने मला नऊशेत घातलं.
मी किल्ली शोधत होते चाकापाशी, जिथे ती जगभर असते.
ती खाली होती, दोन सीटांच्या मधे,
हातब्रेकच्या शेजारी, मांजर बसावं तशी.
माझी चकती लावून निघालो उद्देवाल्लाच्या रस्त्याला
आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ती प्लास्टिकवर
खण्ण, खण्ण.
त्याने आवाज मिटवायला रेडिओसुद्धा लावला नाही.
पाच किलोमीटरमध्ये माझं पितळ उघडं पडलं.

परत आल्यावर गाडी बंद करून
मी किल्ली ओढली. निघेना.
"आधी रिव्हर्समध्ये टाक," तो म्हणाला,
"त्याशिवाय ती सोडत नाही."
मग म्हणाला, हे कुलूप मी बसवायचो,
एकतीस वर्षं, असा वाकून.
आणि खरंच वाकून दाखवलं,
खरं तर दाखवायला फार वाकावं लागलं नाही.
कारखान्याच्या शेवटच्या दिवशीही घरी आलो,
रिव्हर्स टाकला, किल्ली काढली, बटाटे उकडले.
हे त्याने टायरमधली हवा सांगावी तसं सांगितलं.

मी चामडं आणलं मोडीत निघालेल्या एका गाडीचं,
बाटलीसारखं हिरवं,
मागच्या सीटचं, कारण मागे फारसं कुणी बसत नाही.
शिवणीत एक मनुका सापडली
आणि सत्त्याऐंशी सालचा एक क्रोनर.
पट्ट्या कापल्या बोटाएवढ्या, दुमडल्या,
मेणाच्या दोऱ्याने शिवल्या.
गाडी नाही, नाव नाही.
तापवलेल्या ठशाने एकच अक्षर: आर.

मेळाव्यात त्या हातोहात फिरल्या.
हलवून पाहिल्या, कानाशी धरून पाहिल्या.
आवाज नाही.
रॉगनवाल्ड म्हणाला, आमच्या गाडीला
असलं काही करावं लागत नाही,
आमची किल्ली सरळ निघते.
म्हणाला आणि दोन घेतल्या.
दुसरी कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही,
सगळेच एकदम दालचिनीच्या वड्यांकडे वळले.

त्यामुळे एक कमी पडली.
फोल्के म्हणाला, मला काय, माझी किल्ली
अंधारातही सापडते.
त्याच्यासाठी चोविसावी शिवतेय आता.
तोच क्रोनर आत घातलाय, दोन पदरांच्या मधे,
बाहेरून दिसत नाही, थोडं वजन लागतं.
पैसे अजून यायचेत.